मोरीचा कठडा

माझी पहिली कथा छापून आली तेव्हा ती मी आईला वाचून दाखवली. ती तांदूळ निवडत बसली होती. कथेतला नवरा कामावरून घरी येतो, खोलीत शिरतो आणि खुर्चीत बसून बायकोशी भांडायला लागतो, असा पहिलाच प्रसंग होता, आणि माझ्या मते तो फर्मास जमला होता. आईने निवडलेले तांदूळ ताटाच्या एका बाजूला लोटले आणि विचारलं, "चपला खय काढल्यान?"

"कोणी?"

"तुझ्या त्या माणसान. तसोच आत इलो?"

मी म्हटलं, अगं आये, चपलांना काही महत्त्व नाहीये कथेत. ती म्हणाली, "बरा. पण पाय धुवूक नाय, पानी पियूक नाय, इलो तो खुर्चेर बसान भांडूक लागलो. ह्या घर खयचा ता?"

मला राग आला. चौथी शिकलेल्या बाईने माझ्या कथेत खोट काढावी आणि तीही चपलांवरून, हे मला झोंबलं. मी मासिक मिटलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. पण पुढची तीस वर्षं प्रत्येक कथा आधी तिलाच वाचून दाखवली, हेही खरं. ती काय म्हणणार ते मला ठाऊक असायचं. बाईने हंडा कुठल्या कमरेवर घेतला, पोराला कडेवरून उतरवून मग कडी काढली की तसंच काढली, तिसऱ्या माळ्यावर आलेला माणूस लगेच बोलायला कसा लागला, त्याला दम लागला नाही का. मी "हो हो" म्हणायचे आणि एक अक्षर बदलायचे नाही.

आमची खोली करी रोडच्या पुलाच्या अलीकडे, एका चाळीच्या तिसऱ्या माळ्यावर होती. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. गिरणी बंद पडली तेव्हा ते हिंदमाताला कपड्याच्या एका दुकानात वॉचमन म्हणून लागले, आणि ते काम करत असतानाच गेले. मी फोर्टातल्या एका कचेरीत नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि कथा लिहिल्या. एका खोलीत आम्ही दोघीच राहिलो. खोलीच्या डाव्या कोपऱ्यात मोरी होती आणि मोरीला वीतभर उंचीचा कठडा. आंघोळीचं, भांड्यांचं पाणी खोलीत पसरू नये म्हणून प्रत्येक खोलीत तो असायचाच. आई लग्न होऊन त्या खोलीत आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. त्यानंतर बावन्न वर्षं तो कठडा ती दिवसातून किती वेळा ओलांडत असेल, याचा हिशोब कोण करणार.

साठी उलटल्यावर तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. उशिरा कळलं. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही. शेवटी उजेड आणि अंधार एवढंच उरलं. मी फार घाबरले होते, पण चाळीत तिचं काही अडलं नाही. ती उठली की उजवा हात कपाटाच्या कोपऱ्यावर, तिथून दोन पावलं ओट्याशी, ओट्याच्या कडेने डावीकडे सरकत मोरीशी, पाय उचलून कठड्यापलीकडे. कुकरची शिट्टी ती हाताने चाचपून बसवायची, भाकरी वासावरून उलटायची. नवीन माणूस घरी आला तर त्याला तासभर पत्ता लागायचा नाही की हिला दिसत नाही. मी कचेरीत जाताना निर्धास्त असायचे.

याच काळात मी दादरला एका वाचनालयाच्या सभागृहात कथालेखनाचे वर्ग घ्यायला लागले. शनिवारी दुपारी पंचवीसेक माणसं यायची. माझा हातखंडा विषय म्हणजे वर्णन. पात्राची हालचाल, कृती, भोवतालची जागा. मी फळ्यावर लिहायचे, "प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला पाहिजे." डोळ्यांसमोर! घरी एक बाई आंधळी बसली होती आणि मी दादरला फळ्यावर हे लिहीत होते. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग चाळ पाडायची ठरली. सगळ्यांसारखे आम्हीही बाहेर पडलो आणि चार वर्षं शीव कोळीवाड्यात तळमजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत काढली. ती खोलीही जुनी होती, तिथेही मोरीला कठडा होता. आईने पंधरा दिवसांत ती खोली हातापायांनी पाठ केली. त्यामुळे आमच्या दोघींच्याही लक्षात एक गोष्ट आली नाही, की तिच्या पायाला कठड्यावाचूनची मोरी माहीतच नाही.

चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या टॉवरमध्ये आम्हाला चौदावा मजला मिळाला. घर ताब्यात आल्या दिवशी आम्ही कलश ठेवला, दूध उतू घातलं. जुन्या चाळीतली चार माणसं आली. मी आईला हाताला धरून खिडकीशी नेऊन बसवलं आणि तिला घर सांगायला लागले. काय सांगत होते मी! खाली पूल कसा दिसतो, त्याच्यापलीकडे लालबागची जुनी कौलं अजून कुठे कुठे शिल्लक आहेत, दूर इमारतींच्या फटीतून समुद्राची रुपेरी पट्टी कशी चमकते, भिंतीवर संध्याकाळचं ऊन कसं चढत जातं. आलेली माणसं गप्प होऊन ऐकत होती. एक शेजारीण म्हणाली, आता आम्हाला पण असंच सगळं दिसायला लागलं हो. मी खूश झाले. लपवण्यात अर्थ नाही, मी अगदी शेफारले होते.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आनि पायाखाली?"

"पायाखाली काय, चकचकीत लादी आहे. सगळं सपाट. उंबरासुद्धा नाही कुठे," मी म्हटलं आणि पुन्हा समुद्राकडे वळले.

सगळं सपाट नव्हतं. बाथरूमची लादी बाहेरच्या लादीपेक्षा दोन बोटं खाली होती. पाणी बाहेर येऊ नये म्हणून हल्ली असंच करतात. कठडा घालायच्या ऐवजी जमीनच खाली घेतात. मी त्या दिवशी चार वेळा आत गेले होते आणि चारही वेळा माझा पाय आपोआप खाली उतरला होता. जे माझ्या पायाला कळलं ते मला कळलं नाही.

पहिले तीन दिवस मीच तिला धरून नेत होते. चौथ्या दिवशी सकाळी दाराशी सोसायटीचा माणूस आला, त्याच्याशी मी बोलत उभी राहिले. आईला थांबवेना. ती भिंतीच्या कडेने गेली, हाताला बाथरूमची चौकट लागली आणि चौकटीपाशी तिने नेहमीसारखा पाय उचलला. वीतभर उंच उचलला आणि कठड्यापलीकडे टाकतात तसा पुढे टाकला. तिथे कठडा नव्हता आणि लादीही जिथे असायला हवी त्याच्या खाली होती. मला आवाज ऐकू आला. आधी बादलीचा आणि मग तिचा.

डाव्या खुब्याचं हाड मोडलं होतं. परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, ते झालंही नीट, पण तिचं हृदय आधीच दमलेलं होतं. डॉक्टरांनी मला बाहेर घेऊन स्पष्ट सांगितलं की आता उठून चालणं होणार नाही, आणि फार दिवसही धरू नका. मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. मला एकच वाक्य ऐकू येत होतं, माझ्याच आवाजातलं. सगळं सपाट.

आईने मला कधी बोल लावला नाही. शेजारच्या बायका भेटायला आल्या की म्हणायची, "पाय माझो ऐकूक नाय." बस एवढंच. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मीही तिला काही म्हटलं नाही. ती विसरली असेल अशी आशा केली, आणि ती काही विसरत नाही हेही मला माहीत होतं.

वर्ग मी बंद केले. नोकरी संपलेलीच होती. दिवसभर तिच्या उशाशी असायचे. तिला कुशीवर वळवणं, पाठ पुसणं, पेज भरवणं. दुपारी चारच्या सुमाराला ती फार अस्वस्थ व्हायची. ही तिची बाजारात जायची वेळ. एकदा अशीच ती म्हणाली, "बाय, माका जरा फिरव गो."

मी म्हटलं, चाकाची खुर्ची आणते उद्या.

"खुर्ची नको. तोंडान फिरव. गोष्टी लिवतंस ना?"

मी खुर्ची तिच्या कानाशी ओढली, घसा साफ केला आणि सुरुवात केली. "कोवळं ऊन पडलंय. चाळीच्या गॅलरीत तुळशीची..."

"ऊन ऱ्हवांदे," आई म्हणाली. "मी अजून खाटेर आसंय. माका उठव आधी."

मी म्हटलं, "तू उठलीस."

"कशी?"

मला सांगता येईना. बावन्न वर्षांतली निदान चाळीस मी तिला रोज उठताना पाहिलं होतं आणि ती कशी उठते ते मला सांगता येईना. तिनेच सांगितलं. उजव्या कुशीवर व्हायचं, डावा तळवा खाटेच्या कडेवर दाबायचा, पाय आधी खाली सोडायचे आणि तळव्यांना जमीन लागली की मग डोकं वर. त्या दिवशी आमची मजल तेवढीच झाली. ती खाटेच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "आज फुरे."

दुसऱ्या दिवशी आम्ही चाळीतली जुनी खोली पार करून दारापर्यंत गेलो. तिसऱ्या दिवशी तिला चपला सापडल्या. उजवी थोडी घट्ट होती. जिना उतरायला दोन दिवस लागले. मी घाईने "खाली आलीस" म्हटलं की ती हात वर करायची. "थांब. दुसऱ्या माळ्यार दम घेवंदे माका. इतक्या बेगीन मी खय पोचतंय?" मग आम्ही जिन्याच्या वळणावर थांबायचो. तिचा श्वास खरोखर वर-खाली व्हायचा. मी तो मोजून मग पुढचं वाक्य बोलायचे.

अशी आम्ही लालबागपर्यंत मजल मारली. मसाल्याच्या गल्लीत ती शिंकायची बाकी राहिली. कांडपयंत्राच्या दाराशी मी तिला पदर नाकाला लावायला लावला, तर म्हणाली, कुठल्या हाताने, एका हातात पिशवी आहे ना. मासळीवाल्या बाईसमोर तिला उकिडवं बसवलं, बांगड्याचा कल्ला अंगठ्याने उघडायला लावला. मी चुकले की ती सांगायची, बरोबर असलं की काही बोलायची नाही. तिचं गप्प राहणं हीच शाबासकी आहे हे मला उशिरा समजलं. तीस वर्षं ती मला हेच सांगत होती आणि मी तिला शिकलेल्या माणसाच्या मोठेपणाने हो हो म्हणत आले होते.

एका दुपारी पुलापाशी पोचलो आणि ती म्हणाली, "आज परळाक चल. हॉस्पिटलात. तुझ्या बाबांकडे."

यामागे माझी एक जुनी कथा होती. वडील दुकानाच्या दाराशी कोसळले, त्यांना परळच्या हॉस्पिटलात नेलं, आणि दुकानाचा माणूस चाळीत सांगायला आला तेव्हा मी कचेरीत होते. पुढे त्यावर मी लिहिलं. कथेतली बायको निरोप ऐकते आणि वेड्यासारखी जिना उतरून धावत सुटते, केस मोकळे, पाय अनवाणी. या परिच्छेदाचं फार कौतुक झालं. दादरच्या वर्गात मी तो नमुना म्हणून वाचायचे. आईला वाचून दाखवला होता तेव्हा तिने विचारलं होतं, "जिन्यावरसून धावली? मगे निऱ्यो कोनी धरल्यान?" नेहमीची कुरकुर समजून मी सोडून दिलं होतं.

आता मी विचारलं, "आये, तू धावली नाहीस?"

"नाय गो."

मग तिने मला चालवलं. तिने आधी गॅस बंद केला. भाताचं आधण उतरवलं. अंगावरची साडी ओली होती, ती बदलली. कडी लावली, कुलूप लावलं, ओढून पाहिलं, चावी शेजारी दिली. जिना उतरली, दुसऱ्या माळ्यावर थांबली. पूल ओलांडला. दुकानाचा माणूस पुढे जाऊन जाऊन मागे वळून बघत होता आणि ती आपल्या पावलाने चालत होती.

"कशाला एवढी हळू?" मी विचारलं.

"मी जितक्या उशिरान पोचतलंय, तितको येळ तो जितो," आई म्हणाली.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. वडिलांसाठी रडले, तिच्यासाठी रडले, आणि त्या परिच्छेदाचीही मला लाज वाटली. ज्या बाईवर तो बेतला होता, तिचं एकही पाऊल त्यात नव्हतं.

पावसाळा सरला तसं तिचं बोलणं कमी झालं. बाजार लांब पडायला लागला. आम्ही चाळीच्या गॅलरीपर्यंत जायचो आणि परत यायचो. एक दिवस चार वाजले तरी ती काही म्हणेना. मीच विचारलं, आज कुठे?

"हय," ती म्हणाली. "ह्या घरात फिरव. माका ह्या घर म्हायतच नाय."

मी म्हटलं, उद्या फिरवते, आज दमली आहेस. ती बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती झोपलेली असताना मी चपला काढून ठेवल्या, डोळे घट्ट मिटले आणि तिच्या खाटेपासून निघाले. कपाटाचा कोपरा इथे उजव्या हाताला नव्हता, डाव्या हाताला होता. चार पावलं कशाचाही आधार नाही. मग भिंत, गार, तिच्यावर दिव्याचं बटण, बटणाखाली खरखरीत जागा. जेवणाच्या टेबलाचा कोपरा मांडीला लागला. बाथरूमच्या चौकटीपाशी मी थांबले. मला ठाऊक होतं तिथे काय आहे. तरीही पाय पुढे टाकायची हिंमत होईना. डोळे मिटून त्या दोन बोटांची दरी किती खोल वाटते ते मला त्या दिवशी कळलं. मी चौकट धरून बराच वेळ तशीच उभी होते.

चार वाजता मी तिच्या कानाशी बसले. शब्दांनीच तिला उजव्या कुशीवर केलं, पाय खाली सोडले, डोकं वर घेतलं. यात आता मी चुकत नव्हते. कपाट डावीकडे आहे म्हटलं तेव्हा तिचा डावा हात चादरीवर थोडा सरकला. आधाराविना चार पावलं आहेत म्हटलं, तर म्हणाली, "हात धर." मी धरला. भिंत लागली, बटण लागलं, टेबलाला वळसा घातला. ती काही बोलत नव्हती.

"आता चौकट लागली," मी म्हटलं. "उजव्या हाताला. लाकडी नाही, दगडी आहे."

ती थांबली. मीही थांबले. मग मी म्हटलं, "आये, त्या दिवशी तू मला पायाखालचं विचारलंस, तेव्हा मी सपाट म्हटलं होतं. सपाट नाहीये. इथे कठडा नाही. इथे लादी दोन बोटं खाली आहे. मी तुला सांगितलं नाही. मी बघितलंच नव्हतं."

तिचा हात माझ्या हातात होता. तो तिने काढून घेतला नाही.

"मगे आता सांग," ती म्हणाली. "मी चौकटीत उभी आसंय."

"पाय उचलू नकोस," मी म्हटलं. "उजवा पाय नुसता पुढे सरकव. कड लागली? आता टाच कडेला ठेव आणि बोटं खाली सोड. हळू. अजून थोडी."

चादरीखाली तिचा उजवा पाय हलला. टाच गादीवर टेकलेली राहिली आणि पावलाचा पुढचा भाग हळूहळू खाली गेला, काहीतरी शोधत असल्यासारखा, आणि थांबला. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"लागली," आई म्हणाली. "गार आसा."